तक्रारदाराचं नाव गुप्त राहील

“थांबा हं, जोडून देते.”

हा आवाज आपण पहिल्यांदा कधी ऐकला, हे दादाला सांगता आलं नसतं. पहिलं पाणी कधी प्यालो हे जसं कुणाला सांगता येत नाही, तसंच. शाळा सुटली की तो घरी न जाता टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जायचा आणि आईच्या खुर्चीमागच्या बाकावर दप्तर उशाला घेऊन आडवा व्हायचा. समोर भिंतभर बोर्ड. बोर्डावर भोकंच भोकं, त्यांच्यावर लुकलुकणारे दिवे आणि त्या दिव्यांमधून फिरणारे आईचे दोन हात. इथली दोरी उपसायची, तिथे खोचायची. कुणाचं माणूस दवाखान्यात, कुणाचं लग्न ठरलेलं, कुणाचा माल वाटेत अडकलेला. आई सगळ्यांना एकाच आवाजात थांबायला सांगायची, आणि त्या आवाजाखातर माणसं थांबायची.

कामावर जाताना ती केस चापूनचोपून बांधायची, पिना दातांत धरून एकेक खोचायची. मग त्यावर हेडफोनची पट्टी. “कोण बघतंय तुला तारेतून?” असं दादानं एकदा विचारलं होतं. “बघत नाही रे कुणी,” आई म्हणाली होती, “पण केस विस्कटलेले असले ना, की आवाजही विस्कटतो.”

बोर्ड गेले, दोऱ्या गेल्या, एक्स्चेंजच्या जागी आता मोबाइलचं चकचकीत दुकान आहे. आणि दादा फ्रिज आणि वॉशिंग मशीन बनवणाऱ्या एका कंपनीच्या हेल्पलाइनवर शिफ्टचा प्रमुख आहे. आईचं आयुष्य लोकांना जोडून देण्यात गेलं, याचं लोकांना ताटकळत ठेवण्यात. “आपली गैरसोय आम्ही समजू शकतो” हे वाक्य तो इतक्यांदा बोललाय, की एकदा बायकोच्या माहेरी कुणी वारलं तेव्हा सांत्वनाला गेलेल्या त्याच्या तोंडून तेच निसटता निसटता राहिलं. तक्रारीचं पुढे काय होतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? तक्रार येते, तिला नंबर मिळतो, नंबराला उत्तर मिळतं, उत्तराला पाचपैकी तारे मागितले जातात. फ्रिज होता तसाच गळत राहतो.

म्हणूनच तर घोटाळा झाला. तक्रार ऐकली जाते, हे त्याच्या कधी ध्यानीमनीही आलं नव्हतं.

*

रविवारची दुपार होती. दादाची बायको बहिणीकडे गेली होती. जेवणाची भांडी अजून ओट्यावरच होती आणि खारू लॅपटॉप पुढ्यात घेऊन टेबलाशी बसली होती. खारू म्हणजे दादाची धाकटी बहीण. लहानपणी खाऊ गालात साठवून ठेवायची, म्हणून खारूताई. आता पन्नाशीला टेकली, परदेशात मोठ्या कंपनीत हिशेब तपासते, तरी दादासाठी खारूच. आईच्या वर्षश्राद्धाला यायला जमलं नव्हतं, ते आता आली होती. आल्यापासून मात्र तिचं अर्धं लक्ष त्या लॅपटॉपातच अडकलेलं.

“दादा, हे मला विचारतंय, मी माणूस आहे का.”

“मग सांग की, आहे म्हणून.”

“सांगून भागत नाही. सिग्नल असलेले चौकोन निवडायचेत. नुसता खांब आलाय तो चौकोन धरायचा का?”

“धर.”

तिनं धरला. पडदा लाल झाला. “घे. नाही म्हणतंय. मी माणूस नाही.”

“मला लहानपणापासून संशय होताच.”

खारू हसली, पण हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. तिनं पुन्हा चौकोन निवडायला घेतले. तिच्या पाठीमागे उभा राहून दादा भांड्यांवर उगीचच पाणी सोडत राहिला.

गोष्ट अशी होती. आईच्या शेवटच्या वर्षात खारू दोन दिवसांसाठी येऊन गेली होती आणि त्या दोन दिवसांत तिनं मोबाइलवर आईचा व्हिडिओ घेतला होता. आईच्या डोक्यातले दिवे तोवर एकेक करून विझत चालले होते. ती पलंगावर बसून हवेतच दोऱ्या उपसायची, हवेतच खोचायची आणि मधूनच स्वतः रचलेलं काहीबाही गुणगुणायची:

*दूरच्या गावाला गं तार माझी पोचली,*
*लेकराच्या कानाशी जाऊन हळू बोलली.*

आवाज मात्र तसाच होता. सगळं गेलं, आवाज राहिला. खारूनं तो व्हिडिओ मामे-मावसभावंडांनी बघावा म्हणून एका साइटवर टाकला. कोण कोण बघू शकेल, असं साइट विचारते. तिथे आधीपासूनच ‘सर्वजण’ अशी खूण केलेली असते, ती काढायची असते. तिनं ती पाहिलीच नाही. आणि सर्वांनी बघितला. वाऱ्यावर पडलेलं पीस कुठल्या अंगणात जाईल याचा काय नेम. ज्यांना आई ठाऊक नव्हती, एक्स्चेंज ठाऊक नव्हतं, तेही बघू लागले.

मधल्या काळात तिनं जुना फोन देऊन नवा घेतला. जुन्यातलं सगळं वर कुठेतरी, क्लाउडमध्ये, जपून ठेवलं जातंय अशी तिची खात्री. पण वरची जागा भरली होती. ‘जागा संपली आहे, अधिक जागा घ्या’ असं तो फोन तिला महिनोन्महिने सांगत होता आणि जाहिरात समजून ती ते बोटानं बाजूला सारत होती. आता आईचा आवाज उरला होता तो फक्त त्या साइटवर. आणि साइटनं तो महिन्याभरापूर्वी झाकून टाकला होता. ‘या व्हिडिओबद्दल तक्रार आली आहे. तक्रारदाराचं नाव गुप्त राहील. समाधानकारक खुलासा न आल्यास व्हिडिओ कायमचा पुसला जाईल.’ मुदत उद्या संध्याकाळपर्यंत.

तक्रार दादानं केली होती.

*

त्या व्हिडिओत एका जागी दादाही आहे. म्हणजे दादा नाही. वाटी आणि चमचा धरलेला एक हात आणि एक आवाज. हात पुढे येतो. आई हवेतली दोरी तशीच धरून विचारते, “कोण बोलतंय?”

“आई, मी.”

“‘मी’ नावाचा नंबर नाही आमच्याकडे.” आणि मग, कामाच्या ठसक्यात, “लाईन एंगेज आहे. नंतर करा.”

मोबाइलमागून खारूच्या खिदळण्याचा आवाज येतो. आई तिकडे वळते, चेहरा उजळतो, म्हणते, “खारू, दमलीस का गं प्रवासानं?”

जगाला यातलं ‘लाईन एंगेज आहे, नंतर करा’ तेवढं आवडलं. लोकांनी ते तेवढंच कापून घेतलं. कुणी त्याला ताल लावला, कुणी ते मांजराच्या तोंडी घातलं, कुणी साहेबाच्या. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत दादाच्या हाताखालच्या मुली कोंडाळं करून फिदीफिदी हसत होत्या. “सर, हे ऐकाच. आपल्या हेल्पलाइनला हेच लावू या!” एकीनं मूळ अख्खा व्हिडिओ लावून फोन त्याच्या कानाशी धरला.

आई, मी. ‘मी’ नावाचा नंबर नाही आमच्याकडे.

“छान आहे,” दादा म्हणाला. डबा तसाच बंद केला, जिन्यात गेला आणि तिथे पायरीवर बसून तक्रार केली.

आता एवढीच तक्रार साध्या माणसानं केली असती, तर त्यानं ‘मला हा व्हिडिओ आवडला नाही’ वर बोट ठेवलं असतं आणि विषय तिथेच मिटला असता. पण दादाचा जन्म त्याच कामात गेलेला. ‘थोडा प्रॉब्लेम आहे’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाकडे कुणी ढुंकून बघत नाही, हे तोच नव्या मुलींना शिकवायचा. सवयीनं त्याचं बोट सर्वांत वजनदार पर्यायाकडे गेलं: ‘मृत व्यक्तीच्या सन्मानास धक्का, तक्रारदार जवळचा नातेवाईक आहे.’ ओळखपत्र मागितलं, ते जोडलं. आईच्या मृत्यूचा दाखला मागितला, तोही फोनमध्येच होता. कारण लिहिलं: केस विस्कटलेले आहेत, गाऊनचं बटण उघडं आहे, तिला हे चाललं नसतं.

खोटं नव्हतं ते. पण खरंही तेवढंच नव्हतं. मनाशी म्हणाला, नंबर येईल, ‘आपली गैरसोय समजू शकतो’ येईल, तारे मागतील.

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ झाकला गेला.

*

“झाले! माणूस झाले मी!” खारू ओरडली. “दादा, खुलासा लिहायचा चौकोन उघडलाय. ये, तू लिही. तुला त्यांची भाषा येते.”

“तूच लिही ना. तुझा व्हिडिओ.”

“मी लिहिलं की भांडण होतं. मागे दोनदा लिहिलं, दोन्ही वेळा ‘धन्यवाद, आपलं मत मोलाचं आहे’ आलं. बस इथे. मी सांगते, तू चांगलं करून लिही.”

दादानं हात पुसले. पुसलेले हात पुन्हा पुसले. आणि आपल्याच तक्रारीविरुद्ध खुलासा लिहायला तो बहिणीच्या शेजारी बसला.

“लिही: या व्हिडिओत माझी आई आहे. तिची टिंगल करायचा माझा हेतू नव्हता.”

त्यानं लिहिलं.

“लिही: लोक हसले, ते मला कळलं तेव्हा वाईट वाटलं. पण आईलाही लोकांना हसवायला आवडायचं. या व्हिडिओतसुद्धा ती माझ्या भावाची फिरकी घेते आहे.” खारू थांबली, गालातल्या गालात हसली. “काय पण घेतली होती रे तुझी! ‘मी’ नावाचा नंबर नाही म्हणे. शेवटपर्यंत सोडलं नाही तुला.”

दादाची बोटं कळांवर तशीच राहिली.

“लिही ना. फिरकी घेते आहे.”

लिहिलं. आई असताना फोनवर दर आठवड्याला खारू विचारायची, “तुला ओळखते ना रे अजून?” आणि तो म्हणायचा, “मला ओळखते गं. तेवढं आहे.” म्हणायला काय जातं? साता समुद्रापलीकडे बसलेलं माणूस. रात्री झोप तरी लागेल. आधी तिच्यासाठी म्हणायचा. नंतर नंतर ते वाक्य स्वतःलाच ऐकवायला म्हणू लागला.

“लिही: मी तिच्याजवळ नव्हते.” खारूचा आवाज बारीक झाला. “सगळं माझ्या भावानं केलं. त्याच्याकडे तिची शेवटची वर्षं आहेत. माझ्याकडे एवढंच आहे.” मग घाईनं, “नको, भावाचं नको घालूस. त्यांना काय करायचंय त्याच्याशी.”

“राहू दे,” दादा म्हणाला. का म्हणाला, ते त्यालाच कळलं नाही.

खारूनं बटण दाबलं. पडद्यावर गोल फिरलं, हिरवी खूण आली.

आणि दादाच्या खिशातला फोन थरथरला.

“कुणाचा रे?”

“ऑफिसचा,” तो म्हणाला. “रविवारीसुद्धा सोडत नाहीत मेले.”

*

बाल्कनीत वाळत घातलेल्या कपड्यांच्या आडोशाला उभं राहून त्यानं फोन उघडला. ‘प्रिय तक्रारदार, आपल्या तक्रारीवर समोरच्या व्यक्तीनं पुढील खुलासा दिला आहे.’ खाली त्यानंच लिहिलेली वाक्यं, त्याच्याच विरामचिन्हांसकट. लिहिताना ती खारूची होती. इथे, परक्याच्या अक्षरात, परक्या नावानं आली, तेव्हा ती त्याला पहिल्यांदा ऐकू आली. *माझ्याकडे एवढंच आहे.*

खाली प्रश्न होता. आपण तक्रारीवर ठाम आहात का?

त्याला हायसं वाटलं. म्हणजे वाट होती. ‘नाही’ म्हणायचं, व्हिडिओ परत येईल, खारू नाचेल, कुणाला काही कळणार नाही. कपड्यांमधून त्यानं आत पाहिलं. खारू भांडी घासायला लागली होती, बाह्या सरसावून, अगदी आईसारखी नळ बारीक ठेवून. त्यानं ‘नाही’वर बोट टेकवलं.

‘क्षमस्व. मृत व्यक्तीच्या नातेवाइकानं केलेली तक्रार एकतर्फी मागे घेता येत नाही. तक्रारदारावर घरातून दबाव येऊ नये, यासाठी हे धोरण आहे.’

तो वाचतच राहिला. नियम वाईट नव्हता. कुठल्या तरी दूरच्या खोलीत बसून कुणीतरी शहाण्या माणसानं विचार केला असेल: एखादी सून असेल, एखादा दुबळा धाकटा असेल, घरातले त्याला दटावतील, त्याचं रक्षण व्हायला हवं. आणि त्या भल्या नियमानं आता दादाचं दादापासूनच रक्षण केलं होतं.

त्यानं हेल्पलाइनचा नंबर शोधला आणि लावला. धंद्यातला माणूस, कुठला आकडा दाबला की यंत्र गोंधळून माणसाकडे सोपवतं ते त्याला ठाऊक. पण हे यंत्र गोंधळेना. एक दाबा, दोन दाबा, संगीत. मग एका मुलीचा आवाज आला, मधासारखा, न थकणारा, आणि त्याच्या लक्षात आलं की हीसुद्धा मुलगी नाही.

“मला माझी तक्रार मागे घ्यायची आहे,” तो दबक्या आवाजात म्हणाला.

“आपली गैरसोय आम्ही समजू शकतो,” आवाज म्हणाला.

दादानं डोळे मिटले. इतकी वर्षं हे वाक्य तो इकडून तिकडे पाठवत आला होता; तिकडे ते कसं पोचतं ते आज कळत होतं. दार लावून घेतल्यावर आतून कडी घालावी, तसं.

“दुसरा काही उपाय?”

“आहे. व्हिडिओ टाकणारी व्यक्ती आणि तक्रारदार या दोघांनी मिळून, आपापली ओळख एकमेकांना देऊन, संयुक्त विनंती केल्यास व्हिडिओ पूर्ववत करता येतो. मुदत उद्या संध्याकाळपर्यंत. आणखी काही मदत करू?”

“नको.”

“आमच्या सेवेला किती तारे द्याल?”

*

तो आत आला तेव्हा खारू हात पुसत होती. चेहऱ्यावर काहीतरी ठरवल्याचा भाव.

“दादा, मला कळलंय कुणी केलं ते.”

दादा दारातच थबकला.

“अरे, नातेवाइकाच्या नावानं तक्रार आलीय, असं साइटवाले म्हणतात. आता आपल्यात कोण करणार? माझं सगळ्यांना विचारून झालं. मला वाटतं, त्या सांभाळायला यायच्या ना, त्या मावशींनी केली. व्हिडिओत एकदा त्यांचीही पाठ दिसते. तूच म्हणायचास, आईची बहीणच जशी. नातेवाईक म्हणून नाव लावलं असेल.”

“काहीतरीच. त्यांना फोनवरचा आकडा धड लावता येत नाही.”

“नातवानं करून दिली असेल. मी फोन करते त्यांना.”

“खारू, त्यांनी आईचं सगळं केलंय. अंघोळीपासून.”

“म्हणूनच तर. केलं म्हणून हक्क गाजवायचा? माझी आई होती ती.” “भांडत नाही रे. नुसतं विचारते. म्हणते, मावशी, काय चुकलं असेल ते माझं चुकलं, पण एवढं परत द्या.”

तिनं फोन उचलला. भिंतीवर टाचलेल्या कागदावर मावशींचा नंबर अजून होता, दादाच्याच अक्षरात. ती बघून बघून एकेक आकडा दाबू लागली, ओठ हलवत.

आज बोलायचं नाही, असं ठरवून टाकलं तरी चाललं असतं. उद्या संध्याकाळ झाली असती, व्हिडिओ गेला असता, खारू रडली असती, विमानात बसली असती. मावशी बिचाऱ्या ‘मी नाही गं बाई’ म्हणाल्या असत्या आणि त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवला नसता. आणि फोनवर दर आठवड्याला तो आणि खारू हवापाण्याचं बोलत राहिले असते. एवढं ओझं त्याला पेललं असतं. यापेक्षा जड ओझी त्यानं उचलली होती. पेलवत नव्हतं ते निराळंच. त्या खुलाशातलं एक वाक्य: *त्याच्याकडे तिची शेवटची वर्षं आहेत.* बहिणीला वाटत होतं, भावाकडे भरलेलं कोठार आहे आणि आपल्या वाट्याला मूठभर दाणे. त्या कोठाराचं दार उघडून दाखवायची त्याला लाज वाटत होती. आत काय होतं? अंघोळी, औषधं, चादरी, आणि रोज सकाळी नव्यानं परका होणं.

पलीकडे रिंग वाजायला लागली होती. तिचा बारीक आवाज खोलीभर ऐकू येत होता.

दादा पुढे झाला आणि त्यानं तिच्या हातातून फोन अलगद काढून घेतला, बंद केला, टेबलावर पालथा ठेवला.

“हे काय?”

“मावशींनी नाही केली.”

“तुला काय माहीत?”

“मी केली, खारू.”

आधी हसायला आल्यासारखं झालं तिला. दादा काहीतरी चेष्टा करतोय. मग हसू जागच्या जागी थिजलं. “तू? अरे, आत्ता तर तू माझ्या शेजारी बसून…”

“हो. आणि तो खुलासा माझ्याच खिशात आला.”

“का?” तिनं विचारलं. राग अजून आला नव्हता; येत होता, लांबून. “केसांसाठी? आईचे केस विंचरलेले नव्हते म्हणून?”

हो म्हणणं किती सोपं होतं. खारूनंच दोरी पुढे केली होती, धरायची तेवढी बाकी. दादानं खुर्ची ओढली आणि तिच्यासमोर बसला, गुडघ्याला गुडघे लागतील इतका जवळ, लहानपणी तिच्या बुटांच्या नाड्या बांधायला बसायचा तसा.

“उद्या संध्याकाळच्या आत आपण दोघं मिळून सांगू त्यांना, व्हिडिओ परत येईल. तो तुझा आहे, तुझ्याकडेच राहू दे,” तो म्हणाला. “पण त्यात ती माझी फिरकी घेत नव्हती गं. दीड वर्ष झालं होतं तिनं मला ओळखणं सोडून. मी तुला फोनवर खोटं सांगत होतो. तिनं तुला ओळखलं, खारू. दोन दिवसांसाठी आलेल्या तुला ओळखलं. मला नाही ओळखलं.”